बिग बुक: केवढं करायचं, कशावर छापायचं आणि आठवडाभर वाचायचं कसं?

पहिली_सातपूर

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये सातपूरला पहिलीचा वर्ग, पट ३८. निम्मी मुलं बालवाडीतून आलेली, बाकीची थेट घरून. वर्गात एक तयार बिग बुक, म्हणजे सगळ्यांना एकत्र बसून वाचता येईल असं मोठ्या अक्षरांचं पुस्तक आहे, आता त्याच्या जोडीला स्वतः एक करायचं आहे. अडचणी अशा:

१) आकार केवढा ठेवावा? अक्षर किती मोठं?
२) फ्लेक्सवर छापू की कार्डशीटवर?
३) एक पुस्तक किती दिवस चालवायचं आणि रोज नेमकं काय करायचं?
४) सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तीन दिवसांत मुलं पुस्तक तोंडपाठ म्हणतात आणि नजर खिडकीबाहेर असते. याला वाचन म्हणायचं का?

नव्या पुस्तकासाठी हा मजकूर लिहिला आहे, पान पहिलं: "सकाळी आजोबांसोबत चिंटू द्राक्षांच्या बागेत फिरायला गेला. तिथे त्याला रंगीबेरंगी फुलपाखरं दिसली आणि तो आनंदाने उड्या मारू लागला." अशी दहा पानं आहेत. कसं वाटतं?

बालशिक्षण_प्रशिक्षक

बाई, चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावरच ठरतात.

बिग बुक ही मुळात न्यूझीलंडमधली कल्पना. डॉन होल्डवे आणि त्यांच्यासोबतच्या शिक्षकांनी १९७०च्या आसपास ती वर्गात रुजवली. त्यांचा विचार साधा होता. घरी मांडीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला पान दिसतं, अक्षरं कुठून कुठे जातात ते दिसतं, आवडलेली गोष्ट ते पुन्हापुन्हा वाचून मागतं. वर्गातल्या सगळ्यांना तेच मिळावं म्हणून पुस्तक मोठं केलं. त्यामुळे चित्र मोठं असणं दुय्यम, मजकूर सगळ्यांना दिसणं हे खरं काम. वाचून दाखवताना मुलांची नजर आपणहून चित्रावरच राहते. ओळीखाली काठी फिरली तरच ती शब्दांवर येते.

आता तोंडपाठ म्हणण्याविषयी. ही पायरी आहे, तिला घाबरू नका. मुलाला वाक्य पाठ असतं म्हणूनच ते तोंडातला शब्द आणि पानावरचा शब्द यांची जोडी लावू शकतं. पण ती जोडी लागते आहे की नाही हे तपासायला हवं. मुलाच्या हातात काठी द्या आणि पाहा. सुरुवातीला बरीच मुलं प्रत्येक अक्षराला काठी एक शब्द पुढे नेतात. "पिशवीत काय" म्हणताना "पि" ला पहिल्या शब्दावर, "श" ला दुसऱ्यावर, आणि "वी" ला ओळ संपलेली असते. मूल गोंधळून तुमच्याकडे बघतं. हा गोंधळ फार मोलाचा आहे. इथेच त्याला कळतं की चार अक्षरं मिळून एक शब्द झाला आहे. तेव्हा लगेच दुरुस्त करू नका, "पुन्हा सुरुवातीपासून दाखव बरं" एवढंच म्हणा.

म्हणून मजकुरात लांब आणि आखूड शब्द शेजारी शेजारी हवेत. सगळे शब्द दोन-दोन अक्षरांचे असले तर चूक झाकली जाते.

तुमचा मजकूर वाचला. गोष्ट म्हणून छान आहे, हातातल्या छोट्या पुस्तकातून वाचून दाखवायला जरूर घ्या. बिग बुकला मात्र चालणार नाही. एका पानावर १८ शब्द आहेत आणि एकही शब्द पुन्हा येत नाही. एकट्या "द्राक्षांच्या" मध्ये तीन जोडाक्षरं: द्रा, क्षां, च्या. मुलांना यातलं ऐकता सगळं येईल, पानावर धरून ठेवता काहीच येणार नाही.

त्याऐवजी असं काही करून पाहा:

पान १: आजी आली. पिशवी आणली.
पान २: पिशवीत काय? पिशवीत गाजर.
पान ३: पिशवीत काय? पिशवीत कांदा.
पान ४: पिशवीत काय? पिशवीत वाटाणा.
पान ५: पिशवीत काय? पिशवीत भोपळा.
पान ६: पिशवीत काय? पिशवी हलली!
पान ७: पिशवीत काय? पिशवीत मांजर!
पान ८: गाजर, कांदा, वाटाणा, भोपळा. आणि मांजर!

एकूण ३४ शब्द, त्यातले वेगळे फक्त १३. "पिशवीत" ११ वेळा येतो. जोडाक्षर एकही नाही. सहाव्या पानावर साचा मोडतो, तिथे पाठांतर आपोआप अडखळतं आणि नजर पानाकडे वळते. असं एक वळण प्रत्येक पुस्तकात हवंच. शेवटपर्यंत एकच साचा चालला तर मुलांना पान बघायचं कारणच उरत नाही.

आठवड्याचा क्रम असा, रोज १२ ते १५ मिनिटं:

सोमवारी मुखपृष्ठ, नाव, "पिशवीत काय असेल?" यावर गप्पा, मग न थांबता पूर्ण वाचन. काठी नको. पहिल्या दिवशी गोष्टीची मजा मोडू नये. फक्त सहाव्या पानानंतर थांबा आणि अंदाज विचारा.

मंगळवारी काठी. "पिशवीत काय?" सगळ्यांनी म्हणायचं, उरलेलं तुम्ही. दोनदा वाचन.

बुधवारी शब्द. वाक्यपट्टी कात्रीने मुलांसमोर कापा: पिशवीत / काय / पिशवीत / गाजर. पट्ट्या मिसळा, पुन्हा लावायला द्या. दोन "पिशवीत" सारखेच आहेत हे मुलांनीच शोधायचं. त्याच पट्ट्या पानावरच्या शब्दाखाली धरून जुळवायच्या.

गुरुवारी झाकणपट्टी. चिकट कागदाने "गाजर" झाका, आधी "गा" उघडा, मग पूर्ण. सातव्या पानावर "मां" उघडला की बहुतेक मुलं "मांजर" म्हणतात, पण एखादं "गाजर" म्हणेल. तिथेच दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहा. शेवटचं "जर" सारखं, सुरुवात वेगळी. चित्र बघून केलेला अंदाज अक्षराने तपासायची सवय या एका कृतीतून लागते. चित्रावर अंदाज सोडून दिला तर मुलं अक्षराकडे जायचं टाळतात, ही बिग बुकमधली सर्रास होणारी चूक आहे.

शुक्रवारी काठी मुलांकडे. चार-पाच जणांची पाळी. मग "पिशवीत ____" अशी कोरी पट्टी प्रत्येकाला, चित्र काढून शब्द लिहायचा, येईल तसा. ती पानं शिवली की वर्गाचं दुसरं पुस्तक तयार.

एक गोष्ट ठामपणे सांगते. यातून अक्षरओळख आपोआप होत नाही. अक्षरगट, काना-मात्रा-वेलांटी यांचा रोजचा वेगळा वेळ चालूच ठेवा. बिग बुक त्या शिकलेल्या अक्षरांना वापरायची जागा देतं.

फळा_आणि_खडू

वरचं उत्तर उत्तम. मराठीपुरत्या दोन-तीन गोष्टी त्यात घालतो, कारण काठी फिरवायच्या बहुतेक सूचना इंग्रजी पुस्तकांवरून आलेल्या असतात आणि इथे नेमकं तिथेच अडतं.

"पिशवीत" हाच शब्द घ्या. पहिली वेलांटी "प"च्या डावीकडे, पण उच्चार "प"नंतर. दुसरी वेलांटी "व"च्या उजवीकडे. काठी अक्षरावरून सरकवत नेली तर पहिल्याच ठिकाणी काठी वेलांटीवर आणि तोंडात "प", असं होतं. म्हणून मंगळवारी-बुधवारी काठी शब्दाच्या मध्याखाली एकदा टेकवायची, थांबायचं, उचलून पुढच्या शब्दाखाली न्यायची. सरकवायची नाही. गुरुवारी अक्षरं बघताना "पि" आणि "वी" पूर्ण अक्षर म्हणून दाखवा, वेलांटी सुटी काढू नका. मग विचारा, "कोणाची वेलांटी आधी, कोणाची नंतर?" एकाच शब्दात दोन्ही असल्यामुळे हा शब्द ११ वेळा येणं फायद्याचं आहे.

काठी ओळीच्या खाली, वर कधीच नाही. वर मात्रा, अनुस्वार, रफार असतात आणि त्यांच्यावर काठी आली की "कांदा"चा "कादा" होतो. खाली उकार असतात म्हणून उकाराच्याही खाली एक सेंटिमीटर जागा सोडून काठी फिरवा. दोन ओळींत तेवढं अंतर ठेवा. काठी ५० सेंटिमीटरच्या आसपास, टोक बोथट आणि एकाच गडद रंगाचं. हात खालून वर धरा, म्हणजे पंजा पानाबाहेर राहतो. बोटाने दाखवलं की अर्धं वाक्य मनगटाखाली जातं.

हाताने लिहिणार असाल तर शिरोरेषा जपा. घाईत आपण पूर्ण वाक्यावर एकच लांब रेघ ओढतो आणि मुलांना आख्खं वाक्य एक शब्द दिसतो. शिरोरेषा हीच आपल्याकडे शब्दाची हद्द दाखवते. प्रत्येक शब्दाला स्वतंत्र रेघ, आणि दोन शब्दांत निदान एका अक्षराची जागा.

संगणकावर करणार असाल तर फाँट तपासा. मंगलसारख्या फाँटमध्ये "ल" आणि "श" हिंदी वळणाचे येतात. पाठ्यपुस्तकात मूल पाकळीचा "ल" आणि देठाचा "श" शिकतं, २००९च्या शासन निर्णयातही तेच वळण मराठीसाठी ठरवलेलं आहे. "पिशवीत"मधला "श" ११ वेळा चुकीच्या वळणाचा बघितल्यावर वहीत तो कसा लिहायचा हे मुलाला कोण सांगणार?

आणखी एक. "आजी"मधला "ज" आणि "गाजर", "मांजर"मधला "ज" आपण वेगळा उच्चारतो. सातपूर-अंबड भागात घरी हिंदी बोलणारी मुलं "गाजर" हिंदीसारखं वाचतील. वाचन थांबवून सुधारत बसू नका. तुमचा उच्चार स्वच्छ ठेवा, सामूहिक वाचनात तो आपोआप बसतो. तसंच "गाजर" तोडून वाचताना शेवटचा "र" लांबवू नका. "गा-ज-रऽऽ" केलं की मुलाला तो शब्द ओळखीचाच वाटत नाही.

छपाई_रविवारकारंजा

बाई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर मी देतो.

आकार मुलं किती आणि किती लांब बसणार यावर ठरतो. १२ ते १५ मुलं तीन ओळींत, शेवटचं मूल अडीच-तीन मीटरवर, तर पान ४२ × ५९ सेंटिमीटर, म्हणजे ए-२, आडवं. अक्षराची उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या बुडापर्यंत निदान ३ सेंटिमीटर, चार असलं तर आणखी चांगलं. एका पानावर दोनच ओळी. छापायच्या आधी एकच पान साध्या कागदावर काढा, वर्गात उभं करा आणि शेवटच्या मुलाच्या जागी जमिनीवर बसून बघा. खुर्चीवर बसून नाही.

साध्या डिजिटल मशीनवर कागद तेरा-एकोणीस इंचाचाच जातो. त्याहून मोठं हवं तर प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या कागदाच्या छपाई यंत्रावर, काढावं लागतं किंवा दोन कागद जोडावे लागतात. जोडणारच असाल तर जोड चित्रात येऊ द्या, शब्दातून नको. आठ-दहा मुलांच्या गटाला तेरा-एकोणीसचं पुस्तक पुरतं आणि स्वस्तही पडतं.

फ्लेक्स नको, स्पष्ट सांगतो. ट्यूबलाइट किंवा खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि बाजूला बसलेल्या मुलांना पांढरा पट्टाच दिसतो. शिवाय एकदा गुंडाळलेला फ्लेक्स सपाट बसत नाही आणि घडी पडली की तिथला रंग उडतो. तीन मिलिमीटरचा सनबोर्डही (फोमचा कडक बोर्ड) नको. आठ पानांचे अडीच सेंटिमीटर होतात, पान उलटत नाही, कोपरे आधी मोडतात.

चांगलं म्हणजे ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) कार्ड आणि दोन्ही बाजूंनी मॅट, म्हणजे न चमकणारं, लॅमिनेशन. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं. पैसे वाचवायला एकाच बाजूला केलं की पावसाळ्यात उघडी बाजू ओल ओढते, फिल्मची बाजू ओढत नाही, आणि पान पापडासारखं वळतं. नाशिकच्या जुलैत हे होतंच, इगतपुरी-त्र्यंबककडे तर आठ दिवसांत होतं. ग्लॉसी फिल्म टाळा, तिचा फ्लेक्ससारखाच त्रास.

बांधणी: स्टेपल नाही, सुतळी नाही. सुतळी भोक कापत जाते. बांधणीच्या कडेला ४ सेंटिमीटर जागा कोरी सोडा, कडेवर कापडी पट्टी चिकटवा, कडेपासून २ सेंटिमीटरवर तीन भोकं, त्यात आयलेट (भोकाला बसवायची धातूची गोल चकती), आणि उघडमीट होणाऱ्या कड्या. आठ पानांना ३८ मिलिमीटरची कडी बरी. एखादं पान फाटलं तर तेवढंच बदलता येतं. पाठीमागे जाड पुठ्ठा हवाच, नाहीतर स्टँडवर पुस्तक मधोमध वाकतं.

भोकं वरच्या कडेला पाडू नका. कॅलेंडरसारखं उलटायला सोपं जातं खरं, पण मुलांना पुस्तक डावीकडून उजवीकडे कसं चालतं हे दिसत नाही.

मोबाइलवरून घेतलेलं कमी पिक्सेलचं चित्र ए-२ला फाटतं, म्हणजे धूसर दिसतं. फाइल निदान २४८० × ३५०८ पिक्सेलची आणा. दुकानातलं पुस्तक स्कॅन करून मोठं करून मागतात लोक, तसं परवानगीशिवाय करू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्या मोठ्या करून छापता येतात. लेखक, चित्रकार आणि परवान्याचा उल्लेख मात्र शेवटच्या पानावर ठेवा.

पहिली_सातपूर

खूप उपयोग झाला. पिशवीचा मजकूरच घेते. दोन शंका राहिल्या. पट ३८ आहे आणि मी एकटी. गट केले तर बाकीच्यांचं काय? आणि काही मुलं कळवण-सटाण्याकडची, घरी अहिराणी बोलतात. त्यांच्यासाठी प्रत्येक ओळीखाली अहिराणी ओळ छापू का?

बालशिक्षण_प्रशिक्षक

सोमवार सगळ्या ३८ जणांना एकत्र घ्या, त्या दिवशी गोष्टच ऐकायची असते, अक्षर दिसलं नाही तरी चालतं. मंगळवारपासून तीन गट, १३-१३-१२. एक गट पुस्तकाशी, दुसरा चित्र काढतोय, तिसरा मागच्या आठवड्यातल्या पुस्तकाच्या छोट्या प्रती जोडीने वाचतोय. छोट्या प्रती साध्या झेरॉक्सच्या चालतात, पण मजकूर आणि ओळींची मांडणी मोठ्या पुस्तकासारखीच हवी. तीन गटांना मिळून ४५ मिनिटं जातात. रोज जमत नसेल तर पुस्तक दोन आठवडे चालवा, दिवस गाळू नका.

बसवताना अर्धगोल, पहिली ओळ पुस्तकापासून एक मीटरवर. पुस्तकाची खालची कड जमिनीपासून ५० सेंटिमीटर. फळ्याच्या उंचीवर टांगलं की पुढची मुलं मान वर करून थकतात आणि पाच मिनिटांत चुळबूळ सुरू होते. पुस्तकामागे खिडकी नको.

सुरगाणा_पट्टा

भाषेबद्दल मी लिहितो. एका पानावर दोन भाषांच्या ओळी नकोत. काठी एका ओळीखाली, मुलाची नजर दुसऱ्या ओळीवर, आणि जी जोडी लावायची तीच तुटते. अहिराणीचं वेगळं पुस्तक करा. चित्रं तीच, ओळ "थैलीमा काय शे?" अशी. ती ओळ मुलांच्या आईकडून किंवा आजीकडून म्हणवून घ्या आणि त्या सांगतील तशीच लिहा, गावागणिक फरक पडतो. आमच्याकडे कोकणा बोलणाऱ्या मुलांसाठी असंच करावं लागतं.

आधी घरच्या भाषेचं पुस्तक वाचा, आठवड्याने मराठीचं. गोष्ट माहीत असल्यामुळे मूल मराठी शब्दांवर लक्ष देऊ शकतं. सोमवारच्या गप्पा मात्र ज्या भाषेत मूल बोलेल त्या भाषेत होऊ द्यात. "कांद्याला तुमच्या घरी काय म्हणता?" एवढा प्रश्न पुरतो, बोलायला लागतात. प्रत्येक ओळ वाचून लगेच भाषांतर करण्याची सवय लावू नका. मुलं भाषांतराची वाट बघत बसतात आणि मूळ ओळ ऐकायचीच सोडून देतात.

छपाई_रविवारकारंजा

ठेवण्याबद्दल राहिलं. बिग बुक भिंतीला टेकवून उभं ठेवलं की महिन्याभरात खालची कड वाकते. गुंडाळायचं तर नाहीच. दोन्ही टोकांच्या कड्या दांडीत अडकवून आडवं टांगा, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, कारण पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल येते. झाकणपट्टीचा चिकट कागद त्याच दिवशी काढा. लॅमिनेशनवर तो दोन-तीन आठवडे राहिला की डिंक उरतो, त्याला धूळ बसते आणि नेमका "गाजर" काळा पडतो. राहिलाच डिंक तर फडक्यावर थोडं खोबरेल घेऊन पुसा, मग कोरड्या फडक्याने.